लुगड्याचं दार

"ही लाकडं हितनं हलीव," आत्या म्हणाली.

मी नुकतीच शेवटचा ओंडका रचून कंबर सरळ केली होती. घराच्या तिन्ही भिंतींना जमिनीपासून वळचणीपर्यंत लाकडं लागली होती. विलोच्या फांद्या खाली, देवदाराच्या ढलप्या वर, साल आभाळाकडं. गावातल्या प्रत्येक घराभोवती अशीच लाकडांची दुसरी भिंत उभी होती, पण माझी सगळ्यात देखणी. मला स्वतःचाच हेवा वाटत होता.

"कशाला हलवायची?"

"भितीला लाकडं लावत्यात व्हय कुणी? इंचू निघंल."

"आत्या, इथं विंचू नसतात."

"इंचू नसल्यालं गाव आसतंय का कुटं? करमाळ्यात आपल्या सरपणात निघाला हुता, इसारला का? तुज्या बापाचा अंगठा सुजून वांग्याएवडा झाला हुता."

"इथं बर्फ पडतो. विंचू जगत नाही थंडीत."

"म्हंजे उबेला घरात येनार की. लाकडातनं भितीत, भितीतनं हाथरुणात. उचल."

दुपारपर्यंत वाद चालला. आमच्या आत्याशी वाद घालणं म्हणजे बुलडोझरशी कुस्ती, आणि हे बुलडोझर चालवणारा माणूस सांगतोय. दाराशी एक भारा तेवढा तिनं ठेवू दिला, बाकी सगळी लाकडं संध्याकाळपर्यंत मी शेताच्या पार टोकाला, ओढ्याकडच्या बांधावर नेऊन रचली. आमच्या मुलखात जळण तसंच ठेवतात, घरापासून चांगलं लांब. गावातली माणसं आपापल्या सपाट छपरांवर उभी राहून बघत होती. आधी हसली, मग एकेक करून गप्प झाली. त्यांना वाटलं असावं, हा यांच्या देवाचा काहीतरी विधी आहे.

सुमरंग हे गाव हिमाचलात, एका उंच खिंडीच्या पलीकडं. नकाशात शोधू नका, त्यावर बर्फ पडलेला असतो. मी तिथं रस्तेखात्याचा बुलडोझर चालवायला होतो. हिवाळा आला की खिंड बंद होते, सगळं खातं खाली उतरतं आणि यंत्राजवळ एक माणूस मागं राहतो. त्या वर्षी मी आपणहून हात वर केला. साहेबांना भरून आलं. काय जीव आहे पोराचा यंत्रावर, म्हणाले.

जीव होता, पण तो शेजारच्या अंगरूपजींच्या पलमोवर. रस्ता रुंद करताना माझ्या हातून त्यांच्या शेताचा बांध पडला, आणि पलमो भांडायला आली. अशी भांडली, की पुढं मी तो बांध आणखी दोनदा पाडला. शेवटच्या खेपेला ती येताना उकडलेले बटाटे घेऊन आली आणि म्हणाली, "बांध राहू दे आता. बोलायचंच असेल तर तसाच ये."

मग मी रीतसर अंगरूपजींकडं गेलो. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, गावात मान मोठा, बोलणं थोडं. ते हिंदी बोलत, ती मी आपल्या भाषेत सांगतो. म्हणाले,

"इथला रिवाज तुला माहीत आहे. सकाळी समोरच्या कड्यावर ऊन उतरायच्या आत प्रत्येक घराचा धूर दिसला पाहिजे. ज्या घराचा दिसत नाही, तिथं सगळं गाव फावडी घेऊन धावतं. आतला माणूस आहे की गेला, ते बघायला."

"चांगला रिवाज आहे."

"धावणं चांगलं. ज्याच्यासाठी धावावं लागतं, तो चांगला नव्हे. खिंड उघडेपर्यंत तुझा धूर एकही सकाळ चुकला नाही, तर पलमोचं बोलू. चुकला, तर त्या विषयावर तू आणि मी दोघं मुके. आणि जाळायचं ते तुझंच. कुणाकडं मागायचं नाही."

मी आनंदानं हो म्हणालो. धूर काढायला लागतं काय? लाकडं. ती मी वळचणीपर्यंत लावतच होतो. एवढ्यात वर्षाच्या शेवटच्या ट्रकमधून आत्या उतरली.

चूक माझीच. इथलीच मुलगी करतोय, असा निरोप मी घरी धाडला होता. हौसाआत्या ही दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, धाकटी बहीण. लग्नानंतर लवकरच तिचा नवरा वारला आणि ती आमच्या घरी आली, ती आलीच. हुकूम दादांचा आणि जीभ आत्याची, अशी आमच्या घरची वाटणी होती. दादा तिला म्हणाले, "हौसा, जा आणि त्याचा कान धरून आण." तिनं ट्रंकेत ज्वारीचं पीठ, लसणाची चटणी आणि मशेरीसाठी थैलीभर तंबाखू भरला. बर्फ म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं, तरी निघालीच असती.

"नात्याबाहेरची सून आजपातूर आपल्यात आली न्हाई," ट्रकमधून दुसरा पाय खाली टेकायच्या आत तिनं सुरुवात केली. "दादा उंबऱ्यावर उभी करायचा न्हाई तिला. चल, बस गाडीत."

"चहा तरी घे."

तिनं चहा घेतला. चहा घेता घेता मला बोलली. बोलता बोलता दुसरा घेतला. ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून दमला आणि निघून गेला. तो उतरतोय न उतरतोय, तोच खिंडीवर ढग येऊन बसले.

"म्हंजे आता कदी जायाचं?"

"उन्हाळ्यात."

आत्यानं कप खाली ठेवला आणि घराकडं पहिल्यांदा नीट बघितलं. मग ती लाकडांचं बोलली, ते तुम्हाला सांगितलंच.

बर्फ सुरू झाला. किती पडला, हे खरं सांगितलं तर तुम्ही उठून जाल, म्हणून थोडा कमी करून सांगतो. आधी बुलडोझर दिसेनासा झाला, मग टेलिफोनचे खांब, मग आमच्या खिडक्या. किटलीतून पेल्यात ओतलेला चहा वाटेतच थिजायचा, आम्ही तो मोडून खायचो. आत्याची शिंक भिंतीवर जाऊन टणकन वाजायची. मला एकदा उचकी लागली, ती गारठून अर्ध्यातच अडकली. उरलेली अर्धी उन्हाळ्यात आली.

घराच्या मधोमध पत्र्याची शेगडी होती, तिला तिकडं तंदूर म्हणतात. तिचा पाइप छपरातून वर जायचा. आत्या तिला पाठ लावून बसायची आणि तिच्या माथ्यावर भाकरी टाकायची. रोज सकाळी मी छपरावरचा बर्फ लोटायला छतातल्या झरोक्यातून वर जायचो. शेजारच्या छपरावर अंगरूपजी उभे असायचे. ते आधी कड्याकडं बघायचे, मग माझ्या धुराकडं, मग मान हलवून खाली जायचे. मला वाटायचं, बस, आता काय, नवरदेवच झालो.

मग दाराशी ठेवू दिलेला भारा संपला. दार उघडलं, तर दारात पांढरी भिंत. लाकडं पार त्या बांधावर. मध्ये शेत, शेतावर बर्फ, बर्फावर आणखी बर्फ.

"आत्या, लाकडं."

"जा, घिऊन ये."

"कुठून?"

ती दाराशी आली. पांढऱ्या भिंतीला तिनं बोट लावून बघितलं. जन्मात पहिल्यांदा मी आत्याला गप्प झालेली पाहिली, पण ते फार टिकलं नाही.

"घुशी कशा जात्यात? तसं जायाचं. खालनं."

पुढं मी फावडं घेऊन, मागं आत्या परात घेऊन, असा बोगदा सुरू झाला. मी खणायचो, ती बर्फ परातीत भरून मागं लोटायची, आणि दिशा तीच सांगायची.

"सरळ. सरळ. आता उजवीकडं."

"बांध डावीकडं आहे, आत्या."

"मी म्हणती उजवीकडं. मला वास येतुया."

"लाकडाला कसला वास?"

"तू गप खण."

खणता खणता एकदम फावडं पोकळीत गेलं. भोकातून ऊबदार हवा आली, आणि पाठोपाठ कुणीतरी माझ्या गालावरून ओलसर जीभ फिरवली. डोळ्यांत बर्फ गेल्यामुळं मला काही दिसत नव्हतं. क्षणभर फार आनंद झाला. डोळे पुसले, तर गाय होती.

तिकडच्या घरांत खाली गुरं आणि वर माणसं, म्हणजे गुरांची ऊब वर चढते. आम्ही अंगरूपजींच्या घराखालच्या गोठ्यात निघालो होतो. आत्यानं मला बाजूला सारलं, आत शिरली आणि थेट गाईच्या गळ्यात पडली. आवाज ऐकून अंगरूपजी शिडीवरून खाली आले. भिंतीला भगदाड, भगदाडात मी, आणि नखशिखांत पांढरी झालेली बाई गाईच्या मानेला मिठी मारून उभी.

"बहनजी, आप?"

"पाव्हणं," आत्या म्हणाली, "दूध कमी देतीया न्हवं ही?"

त्यातलं दूध तेवढं त्यांना कळलं. "दूध? हाँ, कम है."

"हायच कमी. तोंडावर दिसतंय तिच्या. पेंड घाला चांगली."

असं ती मराठीत आणि ते हिंदीत, दोघं बराच वेळ अगदी मुद्द्याचं बोलले. मग आत्याची नजर पलीकडं गेली. गोठ्याची आतली भिंत लाकडांनी खालपासून वरपर्यंत भरलेली होती.

"आगं बया. हितं बी? इंचू निघंल की, पाव्हणं."

"इंचू?"

मी सांगितलं, बिच्छू. अंगरूपजींनी नाव ऐकलं होतं, बघितला कधी नव्हता. तेव्हा आत्यानं पदर खोचला, कमरेत वाकली, एक हात पाठीमागून डोक्यावर नांगीसारखा धरला आणि गोठ्यात गाईभोवती तुरूतुरू फिरली. मध्येच माझ्या पोटरीला चिमटा काढला. मी ओरडलो. हे सगळं अंगरूपजींनी फार गंभीरपणे बघितलं. मग त्यांच्या पोटात कुठंतरी गुडगुड झालं, खांदे हलायला लागले आणि ते शिडीवर बसून हसायला लागले.

वरून पलमो डोकावत होती. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आई गेल्यापासून बाबा असे हसले नव्हते."

मी लाकडांकडं बघत होतो. अंगरूपजींनी ते टिपलं, आणि हसणं आवरलं.

"मागायचं नाही."

"मागत नाही."

"चल रं," आत्या म्हणाली. "जितं सोयरीक मागायची, तितं जळण मागत न्हाईत."

सोयरीक हा शब्द तिच्या तोंडून आला, याचं मला खरं तर नवल वाटायला हवं होतं. पण थंडीनं माझे कानही बधिर होते.

परत आल्यावर मी म्हणालो, "आता डावीकडं खणू."

"नगं. बर्फानं खाल्ली आसतील ती लाकडं. ह्यो बोगदा हाय, तो चांगला हाय."

त्या दिवसापासून आत्या रोज बोगद्यातून जाऊ लागली. गाईला भाकरी घालून येती, म्हणायची. दोन भाकऱ्या फडक्यात बांधायची आणि वर लसणाची चटणी ठेवायची. लसणाची चटणी खाणारी सगळ्या हिमाचलात ती एकच गाय असेल. मी याचा काही विचार केला नाही. मला दुसरे विचार होते. मी घर जाळत होतो.

आधी खोकी जाळली, मग फळ्या, मग बाक. पलमो बोगद्यातून यायची आणि उरलेल्या घराकडं बघत उभी राहायची.

"आज काय?"

"खाट."

"झोपणार कशावर?"

"जमिनीवर."

"उद्या?"

"मेज."

"लग्न झाल्यावर मला बसवणार कशावर?"

"आत्याच्या ट्रंकेवर. ती लोखंडी आहे."

"तू लाकडं तिकडं का नेलीस? खरं सांग."

"विंचू."

तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. "तुमच्याकडं सगळे असेच असतात?"

"त्यातल्या त्यात मी हुशार."

डिझेलचं मनात आलं असेल तुमच्या. ते टाकीत तुपासारखं थिजून बसलं होतं, आणि टाकी कुठं बसली होती तेच ठाऊक नव्हतं.

मेजानंतर फावड्याचा दांडा गेला. मग राहिलं फक्त दार. दार दोन बोटं जाड, देवदाराचं. त्यानं चांगला धूर दिला, पण आता घराला दार नव्हतं, आणि वारा आत येऊन आमच्याबरोबर बसायला लागला. तेव्हा आत्यानं ट्रंकेतून हिरवं नऊवारी लुगडं काढलं. पाण्यात बुचकळलं, चार पदरी घडी करून चौकटीत टांगलं. पाणी ठिबकायच्या आत ते लुगडं फळीसारखं ताठ झालं. त्याला लाल काठ होते. सुमरंगमध्येच काय, कुठंही असलं दार मी पुन्हा पाहिलं नाही. बोटानं ठोकलं की खणखणीत वाजायचं. वाऱ्यानंही दोनदा ठोकून बघितलं आणि निघून गेला.

आणि एक सकाळ अशी आली की घरात जाळायला काहीच नव्हतं. झरोक्यातून बघितलं, तर समोरच्या कड्याचा माथा उजळायला लागला होता. ऊन उतरलं की संपलं, पलमो संपली. मी तंदूरपुढं बसून त्याच्या रिकाम्या तोंडात बघत होतो. आत्या माझ्यामागं उभी होती.

"लई जीव हाय व्हय रं तुजा तिच्यावर?"

मी मान हलवली.

तिनं ट्रंक उघडली आणि मशेरीची थैली काढली. आत्याची मशेरी म्हणजे काय, ते आमच्या घरी विचारा. भाकरीवाचून ती दोन दिवस राहिली असती, मशेरीवाचून एक सकाळ नाही. तिनं सगळी थैली तंदूरमध्ये ओतली आणि काडी लावली.

पाइपातून निघाला तो धूर नव्हता, तपकिरी रंगाचा राक्षस होता. तो वर गेला, गारठ्यानं तिथंच थबकला आणि गावावर पसरून बसला. पहिली शिंक पलीकडच्या आळीतून ऐकू आली. मग अलीकडच्या. मग सगळं सुमरंग शिंकायला लागलं. माणसं शिंकली, कुत्री शिंकली, गोठ्यातून गाय शिंकली. त्या शिंकांनी घरं अशी हादरली की सगळ्या छपरांवरचा बर्फ एकदम खाली घसरला. त्या दिवशी गावात कुणाला फावडं हातात घ्यावं लागलं नाही. आजही तिथले म्हातारे त्या सकाळची आठवण काढतात, जरा नाकाला हात लावूनच.

मी छपरावर चढून बघितलं. धूर वर होता, ऊन अजून कड्यावर यायचं होतं. मी जिंकलो होतो. खाली येऊन आत्याला उचलून गिरकी घेणार, एवढ्यात लुगड्यावर टकटक झाली.

अंगरूपजी होते. लुगडं बाजूला सारून आत आले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते शिंकांचं. त्यांनी घरभर नजर फिरवली. खाट नाही, मेज नाही, फळ्या नाहीत. जमिनीवर एक ट्रंक, ट्रंकेवर आत्या, आत्याच्या अंगावर माझे सगळे कपडे.

"धूर होता ना?" मी म्हणालो.

"होता."

"वेळेवर?"

"वेळेवर." त्यांनी तंदूरवर हात ठेवला, आणि तसाच ठेवून उभे राहिले. तो गार पडला होता. "मी धूर का बघतो, माहीत आहे? आतली माणसं उबेत आहेत, हे कळावं म्हणून. ही बाई कुडकुडतेय. आज माझी मुलगी इथं असती, तर ती अशी बसली असती."

"पण बोली धुराची होती."

"लाकडं पार त्या टोकाला नेऊन ठेवणाऱ्या माणसाला मी माझी मुलगी देणार नाही. विषय संपला. आजपासून मुके."

"आवो, ती लाकडं मी न्यायला लावली," आत्या म्हणाली. तिला सगळं कळलं होतं. "पोराचा काय दोष?"

"दुसऱ्याचं ऐकून नेली, म्हणजे आणखीच," अंगरूपजी म्हणाले. मग त्यांनी अंगातला लोकरी कोट काढून आत्याच्या खांद्यावर टाकला. "चला. जाळ नसलेल्या घरात माणसं ठेवत नाहीत. हाही इथला रिवाज आहे. सामान उचला."

सामान उचलायला फार वेळ लागला नाही.

उरलेला हिवाळा आम्ही त्यांच्या घरी काढला. ज्या घरात पलमो, त्याच घरात मी, आणि तिच्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. ती माझ्या ताटात बटाटे जास्त वाढायची आणि बापाकडं बघायची. बाप छताकडं बघायचा. आत्या मात्र तंदूरपाशी बसून त्यांच्या भाषेतल्या शिव्या शिकत होती. गोठ्यात उतरलो की मला नवल वाटायचं, सगळ्या भिंती गोवऱ्यांनी भरल्या होत्या आणि प्रत्येक गोवरीवर आत्याच्या बोटांचे ठसे. या गोवऱ्या नव्या नव्हत्या, बोगदा पडल्यापासूनच्या होत्या. आणखी एक गोष्ट माझ्या कानाला खटकत होती. अंगरूपजी तिला बहनजी म्हणायचे बंद झाले होते. काहीच म्हणत नव्हते. नुसता घसा खाकरायचे, आणि आत्या "आली" म्हणून उठायची.

बर्फ उतरला. बोगद्याचं छप्पर कोसळलं, आणि त्याच्या वळणाला अगदी चिकटून माझी लाकडं दिसली, जशीच्या तशी. हात लांब केला असता तर लागली असती.

"आत्या," मी म्हणालो, "तू उजवीकडं वळायला सांगितलंस, ते इथंच."

"मला काय ठावं? मी गुरांच्या वासानं चालली हुती. लई दिसांत शेणाचा वास आला हुता नाकाला."

मग खिंड उघडली आणि ट्रक आला. तोच ड्रायव्हर. तो खाली उतरलाच नाही. "माताजी," ओरडून म्हणाला, "इस बार चाय मत पीना."

मी माझं बोचकं टपावर चढवलं. खात्यात दुसरा माणूस आला होता, आणि मला दादांपुढं उभं राहायचं होतं. ते पुढच्या आठवड्यात कुणाशी तरी माझं लग्न लावणार, हे ठरल्यासारखंच होतं. पलमो छपरावर पाठ करून बसली होती. मी अंगरूपजींपुढं गेलो आणि तोंड उघडलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

मग आत्या बाहेर आली. अंगात लोकरी कोट, त्याखालून लुगडं, हातात भाकऱ्यांचं फडकं.

"ही वाटंत खायाला."

"तुझी ट्रंक?"

"ऱ्हाऊ दे घरात."

"कुणाच्या घरात?"

"कुणाच्या म्हंजे? माज्या."

ड्रायव्हरनं इंजीन बंद केलं.

"दादाला सांग, हौसानं पाट लावला," आत्या म्हणाली. "विधवेचा पाट आपल्यात लागतोच, नवं काय न्हाई त्यात."

मी अंगरूपजींकडं बघितलं. ते सदऱ्याचं बटण निरखत होते. त्या बटणात बघण्यासारखं काही नव्हतं.

"म्हणजे त्या भाकऱ्या," मी म्हणालो, "गाय खात नव्हती."

"गाईला चटणी झोंबली नसती व्हय?" ती थांबली, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "सारा जनम दुसऱ्याच्या चुलीत जाळ घातला, सोपाना. ती फुकली, ती सारवली, तिच्यावर रांधलं. माजी न्हवती ती. हितं कळलं."

मी फडक्याची गाठ चाचपत राहिलो. तिला ते आवडलं नसावं, कारण तिनं लगेच आवाज चढवला.

"आन दादाला आनखी सांग. तुजं लगीन मी जमवलंय. माज्याच लेकीसंगं."

"तुला कुठं आहे लेक?"

तिनं छपराकडं बोट केलं. "ती काय वर बसलीया. आपल्यात आत्याची लेक करत्यात का न्हाई? पैला हक्क आसतोय. म्हणावं, आता म्हणून दाखव तिला नात्याबाहेरची. सख्ख्या भनीची लेक हाय."

पलमोनं मान वळवली. अंगरूपजींना कितपत कळलं, कोण जाणे, पण त्यांनी बटण सोडलं.

"नाही," ते म्हणाले. "मी शब्द दिलाय. लाकडं लांब ठेवणाऱ्या माणसाला मी माझी मुलगी देणार नाही."

"बरं तर," आत्या म्हणाली. "तुमची लेक तुमी देऊ नगा. माजी लेक मी देती."

अंगरूपजींनी तोंड उघडलं. कड्याकडं बघितलं, आत्याकडं बघितलं, मग मदतीसाठी ड्रायव्हरकडं बघितलं. ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होता.

"बाबा," पलमो छपरावरून म्हणाली, "माँ ठीक बोल रही है."

 अंगरूपजींनी बाह्या सरसावल्या, ट्रकच्या चाकावर पाय दिला, टपावर चढले आणि माझं बोचकं खाली घेतलं.